इंग्लंडात लागलेला चकवा

चकवा म्हणजे पिऊन वाट चुकलेल्या माणसाची सबब... असं मी आमच्या गावी, आरमोरीत, सगळ्यांना ठासून सांगत आलो. म्हणून हे लिहिताना मान खाली जातेय.

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिचं गाव छोटंसं, जुन्या बाजाराचं. चौकात दगडी खांबांवर उभं छप्पर, त्याखाली भाजी, चीज, लोकर विकणारे. बाजार बघून झाल्यावर मुलीच्या शेजारचे इंग्रज आजोबा मला आणि बायकोला, कुसुमला, शेतांतून फिरायला घेऊन गेले. वाटेत रान लागलं. एवढंसं, की या टोकावरून पलीकडची मेंढरं दिसावीत.

कुसुमनं रानाच्या तोंडाशी डहाळी तोडली, पहिल्या झाडाच्या बुडाशी ठेवली, हात जोडले. आमच्याकडे जंगलात शिरताना ठेवतातच. पण आजोबा बघत होते ना... मी ओशाळलो. डहाळी उचलून बाजूच्या ओढ्यात फेकली.

"इथी काऊन करून राह्यली हे? पोरीची तरी लाज ठेव."

"रान कोणाचंई असो, विचारल्याबिगर कसं शिराव?" ती एवढंच बोलली.

आत शिरलो, आणि थोड्या वेळानं पुन्हा त्याच झाडापाशी. आजोबा हसले, वाट बदलली. पुन्हा तेच झाड, तोच ओढा — पण मागचं शेत नाही, मेंढरं नाहीत, नुसती झाडं. चर्चची घंटा मात्र जवळच वाजत होती. आजोबांना दमा, आणि पंप बाजारापाशी लावलेल्या गाडीत राहिलेला. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मी घाबरलो. यांना काही झालं तर मुलीला काय तोंड दाखवायचं?

कुसुम म्हणाली, "फेकली तुमी. आता तुमीच ठेवा."

कळत होतं मला. तरी त्या गोऱ्या माणसासमोर वाकवेना. त्यांना धरून आणखी एक फेरा मारला... धापा टाकणाऱ्या माणसाला! ते खोडाला टेकले, डोळे मिटले, तेव्हा कुठे मी घाईघाईनं नवी डहाळी तोडून त्या पहिल्या झाडाशी ठेवली. मान वर केली तर समोर मेंढरं चरत होती.

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही.

परवा मुलगी फोनवर म्हणाली, आजोबांनी तेव्हा मिटल्या डोळ्यांच्या फटीतून सगळं पाहिलं होतं. आता तेही डहाळी ठेवूनच आत जातात, लोक बघत असले तरी. मी मात्र इथल्या जंगलातसुद्धा डहाळी ठेवण्याआधी मागे वळून बघतो... कोणी पाहत तर नाही ना.