पाण्याची फुंकर

ऊर्जानगरजवळच्या तलावात बांधाच्या भिंतीच्या भेगा पाहायला सोडलेलं भोपळ्याएवढं यंत्र एका ढिवराच्या जाळ्यात शिरलं.

"बाई, कापू नोका जी! नवं जाळं आहे," ढिवर काकुळतीला आला.

"कापाले पंखाच नाई त्याले, भाऊ. थे पाणी ओढते अन् फुंकरीनं वळते."

काठावर बसून यंत्र चालवणाऱ्या त्या बाईंची नजर पडद्यावरून हलेना. यंत्र डावीकडे वळवताना त्यांचा उजवा गाल फुगे, उजवीकडे वळवताना डावा. मी न् बायको शेजारी उभे राहून बघत होतो; मदत म्हणून मी दोन्ही गाल फुगवले. बायकोनं कोपर मारलं. पडद्यावर जाळ्याचे धागे हलकेच बाजूला सरले आणि यंत्र मागे निसटलं.

ढिवरानं जाळं ओढून चाचपलं. एकही गाठ तुटली नव्हती. मग पाण्यात तळहात धरून तो म्हणाला, "बाई, माह्या हातावर फुंकाले सांगा न त्याले."

त्याच्यामागे मी, प्रसादाला उभं राहावं तसा.