उपचार दुपारी

दुष्काळात सोसायटीचं खताचं गोदाम रिकामं पडलं होतं, म्हणून केज भागातल्या आम्हा डॉक्टरांचं जुनाट दुखण्यांवरचं प्रशिक्षण तिथंच ठेवलं. तपासायला कंबरदुखीचा एक पेशंट आणला होता. पन्नाशीचा माणूस, टोपी गुडघ्यावर ठेवून स्टुलावर बसलेला.

मी सांगायच्या आत तो वाकला. विचारायच्या आत म्हणाला, "दुखणं धापैकी सात. बसल्यावर पाच. डावा पाय उचलून बगा सायेब, त्यो ऱ्हायला."

मी त्याचा पाय उचलून पाहिला. "आधी कुणाला दाखवलंय?"

"हितंच, असल्याच शिकवणीत. ही चौथी खेप हाय. लई डॉक्टरांनी तपासलं."

"मग औषध?"

"ते तुमाला दुपारी शिकवत्यात म्हणं. मला थांबता येत न्हाई. दुपारी गावात टँकर येतो."

गोळ्या लिहून द्यायला मी पेन काढलं, तर शिकवणारे सर म्हणाले, "डॉक्टर, उपचार दुपारी."

मी पेन खिशात ठेवलं. तो सगळ्यांना रामराम करून गेला.

जेवणानंतर सरांनी फळ्यावर त्याचीच कंबर काढली. आम्ही सगळ्यांनी पहिला उपचार एकच लिहिला: वजन उचलू नये. सरांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले. तेव्हा तो टँकरखालून घागर उचलत असेल.