शेजारणीचे मेथीदाणे

अमेरिकेत फ्रिस्कोला मुलाकडे राहायला आलो आणि वर्षभरात बायको आजारानं वाळून काडी झाली. शेजारची मोरोक्कोची म्हातारी वाफ्यात मेथी लावते. तिच्या देशात अशक्त बाईचं अंग भरावं म्हणून मेथीदाणे भिजवून खायला घालतात, असं तिनं सुनेला सांगितलं. आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देतातच, त्यामुळे मला ते पटलं. मी रोज चमचाभर भिजवायचो.

"अहो, या वयात मला बाळंतीण करताय का?" बायको म्हणायची, आणि तोंड वाकडं करून गिळायची.

काही उपयोग झाला नाही. ती गेली.

परवा म्हातारीनं माझ्यासाठी दाणे पाठवले. सुनेला म्हणे, तुझे सासरे फार वाळलेत.

मी सुनेला म्हटलं, "परत देऊन ये. मला आता अंग भरून काय करायचंय?"