तळ्याकाठचा कावळा

आज मामीनं उखळात शेंगाचटणी कुटायला घेतली आणि लसणाच्या वासानं मला थेट मंद्रूपच्या तळ्याकाठी नेलं.

निवृत्तीनंतर मामा हौसेनं क्रूझवर गेले आणि डेकवरून समुद्रात पडले. देह सापडलाच नाही. शेवटी दर्भाचा पुतळा जाळला. दहाव्याला त्या तळ्याकाठी पिंडाशेजारी त्यांची आवडती शेंगाचटणी ठेवली, तरी दोन तास कावळा शिवेना. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, तशी मामी आडवी आली. "करू नका! ते हायेत की. म्हणून तर शिवंना."

सगळे तिला समजावत असताना एक कावळा पिंडाजवळ उतरला. तो मी एकटीनंच पाहिला. माझा हात वर गेला आणि तो उडाला. मी त्याला हाकललं, की ऊन लागलं म्हणून डोळ्यांवर हात धरला? तेव्हाही कळलं नव्हतं, आज अठरा वर्षांनीही कळत नाही.

मामीच्या कपाळावर अजून कुंकू आहे. तिनं चटणीचा एक डबा वेगळा भरला.

"ह्यांना लागंल की."

मी नेहमीसारखं त्याचं झाकण घट्ट लावून दिलं.