खाडीचं पाणी परत फिरतं तेव्हा

डोंबिवलीला उतरून मी रिक्षाने खाडीकडे निघालो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि पुण्यातल्या एका नगररचना कार्यालयात मी नवखा आरेखक होतो. प्रादेशिक आराखड्याच्या मसुद्यात कारखान्यांचं सांडपाणी खाडीत सोडायची नवी जागा सुचवली होती, कोळीवाड्याच्या खालच्या अंगाला. पाणी समुद्राकडे निघून जाईल, गावाला त्रास नाही, असा आमचा समज. जागा पाहून शेरा लिहायचा, एवढंच माझं काम.

कोळीवाड्यातल्या धर्मानानांनी मला त्यांच्या होडीत घेतलं. नकाशा मांडीवर उघडून मी विचारलं, "पाणी इकडून तिकडे जातं ना?"

"जाते. मंग परत येते पन," नाना म्हणाले. "भरती लागू द्या, बगा."

वरच्या अंगाला आधीच्या कारखान्यांचा एक जुना नाला खाडीला मिळत होता. त्याचं पाणी तांबूस होतं, दर्प घशात बसणारा. त्यावरचा फेस संथपणे समुद्राकडे चालला होता. तासाभराने तो थबकला आणि उलटा फिरला. आमच्या होडीला घासून, गावावरून, थेट खाजणात (भरतीचं पाणी शिरणाऱ्या जमिनीत) गेला.

"मावरा (मासळी) तितंच अंडी घालते," नाना म्हणाले.

दुपारी त्यांच्या घरी भात आणि बोंबलाचं कालवण जेवलो. "बोंबील ताजे आहेत," मी म्हटलं. नानांच्या पत्नी हिराबाई खाली बघत म्हणाल्या, "कल्यानच्या बाजारातून आनलेत. आपल्या खाडीचा पोरांना देत नाय आता." कोळ्याच्या घरात विकतची मासळी! 

पुण्यात साहेब माझा शेरा वाचून वैतागले. "अहो, पाणी उलटं कसं वाहील?"

"साहेब, एकदा होडीत बसा."

ते बसले. भरती बघून परतल्यावर त्यांनी माझ्या शेऱ्याखाली सही केली. पुढे ती जागा आराखड्यातून वगळली गेली आणि प्रक्रिया न केलेलं पाणी खाडीत सोडायला नव्या कारखान्यांना मनाई करणारा नियम आला.

हे सांगायला मी मुद्दाम कोळीवाड्यात गेलो. हिराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरा झाला. आनि जुना नाला?"

नियम फक्त नव्या कारखान्यांना होता, जुना नाला तसाच वाहणार होता. मी तसं सांगितलं. त्यांनी चहा पुढे केला.

परतीच्या गाडीत मला पहिल्यांदाच कळलं, आम्ही उद्याच्या पाण्याचे नियम करत होतो आणि ती माणसं आजच्या पाण्यावर जगत होती.