शीनाचं घर आणि कोरडा बर्फ

बर्मिंगहॅमहून निघाले तेव्हा मला बर्फ बघायचा नव्हता, मला शीना बघायची होती. माझी लेक सई हिवाळा लागल्यापासून स्कॉटलंडच्या डोंगरात या बाईच्या गेस्टहाउसवर राहत होती. सकाळी पाहुण्यांचा नाश्ता करायचा, खोल्या आवरायच्या आणि उरलेला दिवस स्कीइंग. एप्रिलमध्ये तिची बँकेतली नोकरी सुरू व्हायची होती, आणि फोनवर मात्र रोज एकच पाढा. शीना म्हणते, शीनाला विचारते, शीना म्हणते पुढचा विंटरपण इथेच रहा. ऐकून ऐकून माझे कान किटले. न्यू स्ट्रीट स्टेशनवर सोडताना आमचे हे म्हणाले, "भेटून ये, भांडू नकोस." मी म्हटलं, "मी तिला घेऊनच येणार आहे."

एडिनबर्गला गाडी बदलली. पुढे शेतं पांढरी होत गेली आणि त्यात उभ्या मेंढ्या मळकट दिसायला लागल्या. एव्हिमोरला सई घ्यायला आली होती. गाल लाल, ओठ फुटलेले, केसांचं पार चिपाड. इतकी देखणी ती आमच्या घरात कधी दिसली नव्हती, आणि याचाही मला रागच आला.

"आई, तू किती पातळ कोट घातली!" तिचं मराठी असंच, बर्मिंगहॅमात वाढलेलं.

शीना मी मनात रंगवली होती तशी नव्हती. माझ्याहून चांगली पंधरा वर्षांनी मोठी, पांढऱ्या आखूड केसांची, जिना उतरताना एक पाय आधी टेकवणारी. मी फिजिओथेरपिस्ट, माझी नजर माणसाच्या चेहऱ्याआधी गुडघ्यांवर जाते. तिचा उजवा गेलेला होता. रात्री तिने स्टोव्हीज (उरलेलं मटण, बटाटे आणि कांदा एकत्र शिजवून) वाढलं आणि सकाळी थालीपीठ. होय, थालीपीठ. ओटचं पीठ, कांदा, मिरची, वर लोणी. सईने शिकवलं होतं. खुसखुशीत झालं होतं, हेच तर दुखणं.

मी खात होते तेवढ्यात सई स्कीज खांद्यावर टाकून दारात गेली.

"शीना, येते हं."

"ये," शीना म्हणाली. अगदी स्वच्छ, "ये."

माझा घास तोंडातच राहिला. घरात हीच मुलगी बाराव्या वर्षापासून "बाय मम" म्हणून दार आपटून जाते. आणि ही बया, कोण कुठली, हिला "येते हं". जळफळाट म्हणजे काय ते मला त्या टेबलावर कळलं.

दुपारी बसने मीही वर गेले. इथला बर्फ एरवी ओला नाहीतर काचेसारखा कडक, पण त्या आठवड्यात खरी पावडर पडली होती. पावडर म्हणजे नुकताच पडलेला, कोरडा, भुसभुशीत बर्फ. मुठीत धरून पाहिला, रव्याचा लाडू तूप कमी पडलं की वळत नाही तसा सुटत होता. हौसेने मीही भाड्याच्या स्कीज चढवल्या आणि नवशिक्यांच्या उतारावर उलटी घसरत कुंपणात जाऊन बसले. एका गृहस्थांनी मला उठवलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "पहिलीच वेळ का?" मी म्हटलं, "शेवटची."

तिथूनच सई दिसली. वरून खाली येत होती, गुडघ्यापर्यंत बर्फात, वळणागणिक तिच्यामागे पांढरा धुरळा उडत होता, आवाज मात्र कसला म्हणून नाही. ती हसत होती. कोणासाठी नाही, आपली एकटीच. मला बघून ती शेवटची अशी कधी हसली होती ते मी आठवत बसले. शीनाचं सोडा, मला त्या बर्फाचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती म्हणाली, "आई, मी एप्रिलला येत नाही."

"शीनाने पढवलं वाटतं?"

"शीनाला मध्ये घेऊ नको. मला इथे आवडतं, तुला ते कळत नाही."

"चार महिन्यांत आई परकी झाली का गं?"

तिने स्कीज उचलल्या. "जाते मी," म्हणाली, आणि दार आपटलं.

आमच्या घरात "जाते" कोणी म्हणत नाही. निघताना "येते" म्हणायचं, म्हणजे माणूस परत येतो. मी दारापर्यंत धावले, पण गाडी सुटली होती.

ती दोन मित्रांबरोबर पलीकडच्या कोरीत (डोंगराच्या कुशीतली वाटीसारखी दरी) गेली होती. शीनाने सांगितलं, रात्रीत वारा फिरलाय. असा वारा सुटा बर्फ उचलून कड्याखाली थापून ठेवतो. वरून तो मऊ दिसतो, पण माणूस चढला की अख्खा थर सुटतो. चहाच्या वेळेपर्यंत सई यायला हवी होती. आली नाही. फोन लागेना. उजेड सरायला लागला. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या होतो.

"आज ती तो शब्द म्हणाली नाही," शीना म्हणाली.

"तुम्हाला तो शिकवला कोणी?" मी विचारलं, आणि माझ्या आवाजातली धार मलाच ऐकू आली.

"तिनेच. पहिल्या दिवशी मी गुडबाय म्हटलं, तर ती दारातून परत आली. म्हणाली, लहानपणी हे म्हटल्याशिवाय आई शाळेत सोडायची नाही, जिन्यावरून परत बोलवायची. तेव्हा चिडायचे, पण डोंगरावर जाताना कोणीतरी 'ये' म्हणायला हवं." मग म्हणाली, "सई सारखं आई म्हणते, आईला विचारते. खरं सांगू? मी तुमच्यावर जळत होते."

मी तिची खुर्ची पुढे ओढली, गुडघा दुखत असणार तिचा.

अंधार पडता पडता दार उघडलं. सई, नखशिखांत भिजलेली.

"वरून उतार एकदम मस्त होता, आई. एक रेघ पण नव्हता कोणाचा. काठी दाबली तर बर्फाला चीर गेली. बरोबरचा कॅलम म्हणाला, काही होत नाही, जाऊया."

"मग?"

"मी 'जाते' म्हटलं होतं ना तुला. नको वाटलं. मग सगळे चालत आलो, लांबून."

मी तिला आधी सडकून रागावले आणि मग जवळ घेतलं. सकाळी शीनाने दुर्बीण माझ्या हातात दिली. कोरीतल्या त्या उतारावरचा सगळा बर्फ रात्रीत खाली येऊन पडला होता.

एप्रिलचा विषय मी पुन्हा काढला नाही. निघताना दोघी स्टेशनवर आल्या. गाडी लागली, मला रडू यायला लागलं, म्हणून घाईघाईने "बाय" म्हणून डब्यात चढले.

"आई," सईने हाक मारली. "खाली ये. नीट म्हण."

मी पिशवीसकट परत उतरले. "येते," मी म्हटलं.

"ये," दोघी एकदम म्हणाल्या.

घरी आले तर ह्यांनी माझ्यामागे रस्त्यावर वाकून पाहिलं. "सई कुठाय? आणणार होतीस ना?"

जळतेच आहे मी अजून. रोज सकाळी आधी तिथला वारा बघते, मग चहा ठेवते. ह्यांना म्हटलं, "ती नाही आली. मलाच परत जायचंय. शब्द देऊन आलेय."