पुडिंग उतरलं

शहरबानूंचं कॅरॅमल पुडिंग त्यांच्या टॉवरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांचा हट्ट त्याहून जास्त. रत्नागिरीहून दुबईत आल्यापासून स्वयंपाकघर त्यांनी एकटीने सांभाळलं. सून यम्ना शारजात वाढलेली, बँकेत जाणारी. तिला पदार्थातलं काय कळतंय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मैत्रीण सुजाताच्या नातीचा, मिहिकाचा, वाढदिवस दुबई मरीनातल्या तिच्या घरी होता. पुडिंग द्यायचं कबूल केलेलं, पण फ्रिज सुरमईने भरलेला. मासळीचा वास लागेल म्हणून बाईंनी पुडिंग रात्रभर हॉलमध्येच ठेवलं. एसी चालू होता ना, मग फ्रिज कशाला? अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

दुसऱ्या दिवशी यम्ना पुडिंग घेऊन गेली. त्यातलीच घरासाठी मागे ठेवलेली वाटी शहरबानूंनी उघडली, तर कडेने पाणी सुटलेलं, वर बुळबुळीत थर आणि आंबूस वास. त्यांनी घाईघाईने सुनेला फोन लावला. तिथे पोरं चमचे घेऊन बसली असतील!

"यम्ना, अगं पुडिंग उतरलंय!"

"हो अम्मी, कधीच उतरवलं. ड्रायव्हरने हेल्प केली. यल्ला, चला ठेवते, केक कट होतोय." फोन बंद.

शहरबानूंनी कपाळावर हात मारला. आपण म्हणतोय नासलं, आणि ही समजतेय गाडीतून खाली काढलं! पुन्हा फोन लावला, तर ती उचलेना. त्या चपला घालून टॅक्सीत बसल्या आणि वाटभर अल्लाची करुणा भाकत राहिल्या.

मरीनात पोरं आइस्क्रीम खात होती. पुडिंग कुठेच नव्हतं. यम्नाने त्यांना बाजूला घेतलं.

"सॉरी अम्मी. चमचा घातला तर पाणी निघालं, स्मेल पण खट्टा होता. मी फेकून दिलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून फोनवर बोलले नाही. सुजाता आंटीला सांगितलं, माझ्या हातून सांडलं."

शहरबानूंना रडूच आलं. इतकी वर्षं आपण हिला ओळखलंच नाही, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी सुनेचा हात धरला आणि भरल्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"सुजाता, पुडिंग सांडलं नाही. मी नासवलं. पोरांना माझ्या सुनेने वाचवलं."